स्लॅबवर सांडलेलं ऊन

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगाव आणि निपाणीत एक दुपार अशी येते की साडेबाराच्या सुमाराला उभ्या खांबाची सावलीच नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सावली बुडख्याशी जाऊन लपते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तो पुन्हा असाच माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असल्यानं कुणाच्या ध्यानातही येत नाही. आपण १६ अक्षांशाच्या आसपास राहतो म्हणून वर्षातून दोनदा हा योग येतो. दिल्लीकराच्या नशिबी तो एकदाही नाही.

त्या दुपारी आभाळ निरभ्र असेल तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट शक्ती पडत असते. हजार चौरस फुटांची गच्ची धरा. तिच्यावर त्या क्षणी ९० किलोवॅटच्या आसपास ऊन कोसळतंय. शेतातल्या ५ अश्वशक्तीच्या पंचवीसेक मोटारी चालतील इतकी ही शक्ती आहे आणि आपण तिच्यात पापड, कुरडया आणि मिरच्या वाळवतो. सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरचा प्रवास करून हा प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांत इथं पोचलेला असतो. निपाणीच्या शेतकऱ्याला त्याची ताकद पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, कारण तंबाखूची कापलेली झाडं शिवारात पसरून त्यानं उन्हावरच वाळवली आहेत. त्याच उन्हाची आता थेट वीज होते आणि ती करण्यासाठी सरकार आपल्या खात्यात ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान जमा करतं. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच नवलाच्या वाटतात. पहिलं नवल निसर्गाचं आहे, दुसरं माणसानं ठरवून घडवलेलं.

काहीही न हलता वीज

गोकाकच्या धबधब्यानं एकोणिसाव्या शतकातच सूतगिरणी फिरवायला सुरुवात केली. तिथं पाणी पडतं, चाक फिरतं, हे डोळ्यांना दिसतं. कोळशाच्या केंद्रात वाफेवर, पवनचक्कीत वाऱ्यावर, पण फिरतं चाकच. उन्हाचं सुरुवातीला तसंच होतं. मुंबईत नोकरीला असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७० च्या दशकात सपाट आरसे जोडून ऊन एका बॉयलरवर एकवटलं, त्या वाफेवर पंप चालवला आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याच किनारपट्टीवर, दीडशे वर्षांपूर्वी.

सोलर पॅनेलमध्ये मात्र काहीच फिरत नाही. वाफ नाही, आवाज नाही, धूर नाही. काचेखाली सिलिकॉनच्या चकत्या असतात, जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीच्या. सिलिकॉन येतं गारगोटीतून. अतिशुद्ध केलेल्या या सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरसचा अंश मिसळतात, तिथं इलेक्ट्रॉन जास्तीचे होतात. दुसऱ्या थरात बोरॉनसारख्या मूलद्रव्याचा अंश असतो, तिथं इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या राहतात. दोन थर भेटतात त्या सीमेवर एक विद्युतक्षेत्र आपोआप तयार होतं आणि कायमचं टिकतं. प्रकाशाचा कण आत शिरला आणि त्याच्याकडे पुरेशी ऊर्जा असली की तो एका इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो. सीमेवरचं क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एकाच दिशेला लोटतं. परत यायचं तर त्याला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि त्या वाटेवर आपला पंखा, फ्रीज, मिक्सर असतो. एका चकतीचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून अशा कित्येक चकत्या एकामागे एक जोडतात. पंचवीस वर्षं हे चालू राहतं आणि त्यात झिजण्यासारखा एकही सांधा नसतो.

प्रकाशानं वीज निर्माण होते हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेलनं १८३९ मध्येच पाहिलं होतं. पण सिलिकॉनचा गुण योगायोगानं सापडला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४० मध्ये रसेल ओल यांच्या हाती तडा गेलेला सिलिकॉनचा एक तुकडा आला. त्यावर उजेड पडला की वीज वाढत होती. दोन वेगळे थर त्या तुकड्यात आपसूक तयार झाले होते. पुढं त्याच प्रयोगशाळेतल्या डॅरिल चॅपिन यांच्यापुढं एक अडचण आली. उष्ण आणि दमट मुलखात टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या खराब होत होत्या, त्यांना पर्याय हवा होता. जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात ठेवलेली वस्तू कशी बुरसते हे पाहिलेल्या माणसाला ती अडचण समजावून सांगायला नको. चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तिघांनी २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकॉनचा सौर घट जगासमोर ठेवला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के तो विजेत बदलत होता. आज आपल्या गावात बसणारी पॅनेल २० टक्क्यांच्या वर गेली आहेत.

दुसऱ्याच्या छपराची आपल्याला झालेली मदत

शोध लागला तरी ती वीज परवडत नव्हती. सुरुवातीला ती उपग्रहांपुरतीच होती. आजच्या मोलानं पाहिलं तर १९७० च्या दशकाच्या मध्याला पॅनेलचा एक वॅट शंभर डॉलरच्या घरात पडायचा. आता तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला आहे. एवढी घसरण एकट्या विज्ञानानं घडवलेली नाही.

जपाननं १९९४ मध्ये घरांच्या छपरांवर पॅनेल बसवणाऱ्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली. जर्मनीनं २००० मध्ये कायदा करून छपरावरची वीज ठरलेल्या दरानं विकत घेण्याची हमी दिली. त्या वेळी महाग पडणारी पॅनेल तिथल्या हजारो कुटुंबांनी बसवली. मागणी आली म्हणून कारखाने वाढले आणि कारखाने वाढले तशी पद्धत सुधारत गेली. या धंद्याचा अनुभव असा की जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर साधारण २० टक्क्यांनी उतरतो. ओसाकाच्या किंवा फ्रायबुर्गच्या एखाद्या कुटुंबाला दिलेल्या मदतीनं कारखान्यातला दर खाली आणला आणि तो उतरलेला दर पुढं चिकोडीच्या दुकानात पोचला. घरगुती ऊर्जेच्या अनुदानाकडे मी याच नजरेनं पाहतो. मदत घेणाऱ्या घराइतकाच तिचा उपयोग पुढच्या, न पाहिलेल्या घराला होतो.

७८,००० कसे होतात

आपल्याकडे ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. १ कोटी घरं हे तिचं उद्दिष्ट आहे आणि ७५,०२१ कोटी रुपये तिच्यासाठी ठरले आहेत. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, अशी बेरीज ७८,००० होते. त्याच्या पुढं कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी अनुदान तेवढंच.

हे आकडे उगाच आलेले नाहीत. पहिल्या दोन किलोवॅटचा प्रमाण खर्च सरकारनं प्रत्येकी ५०,००० धरला आणि त्याचे ६० टक्के दिले. तिसऱ्याचा ४५,००० धरून ४० टक्के दिले. म्हणजे लहान घराला झुकतं माप आणि बंगल्याला बेतानं. वर, ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँकांकडून तारणाशिवाय कमी व्याजाचं कर्ज मिळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये या सामानावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

दुसऱ्या देशात हेच काम वेगळ्या वाटेनं झालं. अमेरिकेच्या ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्यात घरमालकाला केंद्राच्या प्राप्तिकरात खर्चाच्या ३० टक्के सूट मिळायची. राज्याच्या करात २५ टक्के, पण १००० डॉलरच्या मर्यादेत, अशी आणखी एक सूट होती. केंद्राची ती सूट ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. करात सूट म्हटलं की ती कर भरणाऱ्यालाच मिळते. ज्याचं उत्पन्न इतकं कमी की कर लागूच होत नाही, त्याच्या हाती काही पडत नाही. निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा प्राप्तिकराशी काय संबंध? आपल्या योजनेत पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून छत आणि मीटर असलेल्या कुणालाही ते मिळू शकतात. अनुदानाची ही रीत निवडण्यात मोठं शहाणपण आहे.

वाळवंटातलं ऊन आपल्यापेक्षा जास्त असलं तरी दर किलोवॅटमागची वीज त्याच प्रमाणात वाढत नाही. पॅनेलला उजेड आवडतो, उष्णता सोसत नाही. २५ अंशांच्या पुढं तापमान एक अंशानं वाढलं की शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. भर उन्हात काच ६० अंशांवर गेली की दहा-बारा टक्के तिथंच उडून जातात. ॲरिझोनाच्या फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्रीकडून वारा येतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात धूळ बसलेली, आभाळ धुतलेलं आणि हवा गार असते. पॅनेलला याहून मानवणारं हवामान शोधावं लागेल.

मीटरचे दोन आकडे

बेळगावात ‘सोलर बसवलंय’ म्हटलं की कालपरवापर्यंत गच्चीवरचा पाणी तापवायचा बंबच डोळ्यांपुढं यायचा. कर्नाटकानं त्याच्यासाठीही वीजबिलात सवलत दिली होती, युनिटमागे ५० पैसे आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये. आता त्या बंबाशेजारी निळी-काळी पॅनेलं दिसू लागली आहेत.

सहा मोठी पॅनेल बसवली की ३ किलोवॅट होतात. प्रत्येक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरहून थोडं कमी रुंद आणि पंचवीस-तीस किलो वजनाचं. खालच्या भिंतीवर इन्व्हर्टर एकदिश वीज घेऊन तिची घरात चालणारी प्रत्यावर्ती वीज करतो. जुना मीटर जाऊन दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर येतो. त्याच्या पडद्यावर आकडे आळीपाळीनं फिरत असतात. एक वीज कंपनी हेस्कॉमकडून घेतलेल्या युनिटांचा, दुसरा हेस्कॉमला दिलेल्या युनिटांचा. दुपारी बाराला घरातली माणसं कामाला गेलेली असतात आणि एकटा फ्रीज चालू असतो. तेव्हा दिलेल्या युनिटांचा आकडा पुढं सरकत राहतो. ती वीज फार लांब जात नाही. शेजारच्या घरातला पंखा किंवा कोपऱ्यावरची पिठाची गिरणी ती वापरते. रात्री आपण परत घेतो आणि महिन्याअखेरीला वजाबाकी होते.

३ किलोवॅटची यंत्रणा वर्षभराच्या सरासरीनं महिन्याला ३०० च्या आसपास युनिट देते. जुलैत खानापूरकडे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा ती कमी देणार. मार्चमध्ये जास्त देणार. समजा सगळा खर्च १,८०,००० आला. अनुदान वजा जाता १,०२,००० उरले. युनिटला साधारण ६ रुपये धरले तर महिन्याला १८०० वाचतात आणि पाच वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. पॅनेलची हमी सहसा पंचवीस वर्षांची असते, त्यामुळं उरलेली वीस वर्षं वीज जवळपास फुकट पडते.

इथं एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती कळली की अनेकांचा हिरमोड होतो. बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. फिडर बंद करून लाइनमन खांबावर चढला आणि आपल्या छपरावरून तारेत वीज शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर जाळ्यावर सतत लक्ष ठेवतो आणि तिथली वीज गेली की क्षणार्धात स्वतःला तोडून घेतो. लाईट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरीची वेगळी सोय आणि तिचा खर्च धरावा लागतो.

दुसरी गोष्ट सावलीची. बांधकामावर घमेली हातोहात वर देणारी रांग असते. मधला एक गडी थांबला की सगळ्यांचे हात थांबतात. एकामागे एक जोडलेल्या चकत्यांचं तसंच होतं. नारळाची एक झावळी किंवा पाण्याच्या टाकीची सावली काही चकत्यांवर पडली की पूर्ण ओळीचा प्रवाह अडतो. त्यासाठी पॅनेलच्या पाठीमागे डायोड असतात. ते अडलेल्या भागाला वगळून वीज पुढं नेतात. तरी घट येतेच. म्हणून जागा ठरवायची तर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशा तिन्ही वेळी गच्चीवर जाऊन सावल्या पाहाव्यात, शक्यतो डिसेंबरात, जेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आसपास काळी राख पडते आणि ती काचेवर बसते. पॅनेल भल्या सकाळी, काच गार असताना धुवावीत. बोअरचं जड पाणी पांढरे डाग सोडतं, म्हणून वर पुसून घ्यावं.

कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे

कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल तालुका लागतो. हेस्कॉम जाऊन महावितरण येतं, दर बदलतो. ऊन तेच राहतं आणि केंद्राचे ७८,०००ही तेच. राज्यांची मदत मात्र वेगवेगळी.

कर्नाटकानं २०२३ मध्ये गृहज्योती आणली. आधीच्या वर्षाची सरासरी आणि वर थोडी भर, अशी २०० युनिटांपर्यंतची वीज फुकट. निपाणीतल्या लहान घरांना तिनं मोठा आधार दिला आहे, त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. पण ज्या घराचं बिल शून्य येतं, त्याला पॅनेलची निकड कशी वाटावी? महाराष्ट्रानं २०२५ मध्ये दुसरी वाट धरली. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर दिली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला १ किलोवॅटसाठी १७,५०० रुपये. केंद्राचे ३०,००० धरले तर ५०,००० च्या यंत्रणेत त्या घराचे २,५०० उरतात. एका बाजूला दर महिन्याला युनिट मिळतात, दुसऱ्या बाजूला युनिट तयार करायचं साधन. दर महिन्याची मदत सरकारच्या तिजोरीवर अवलंबून असते, छपरावर बसलेलं साधन घराच्या मालकीचं होतं. कर्नाटकातल्या गरीब घरालाही उद्या हे साधन मिळावं असं मला मनापासून वाटतं.

मागे राहिलेले लोकही आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे छत नाही. कौलारू घराला पॅनेलचा सांगाडा पेलवेल की नाही, हे आधी तपासावं लागतं. कुठं मीटर आजोबांच्या नावावर, उतारा तिघा भावांच्या नावावर आणि घरात राहतो चौथाच. हे कागद सरळ केल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या मोठ्या छतावर सामाईक यंत्रणा उभारून तिची वीज अशा घरांच्या बिलात वळती करता आली, तर ज्याला छत नाही त्यालाही उन्हाचा वाटा मिळेल. लोकप्रतिनिधींकडे आग्रहानं मागावी अशी ही गोष्ट आहे.

स्वतःचं छत असलेल्यांनी आधी बारा महिन्यांची बिलं एकत्र करून महिन्याची सरासरी काढावी. गृहज्योतीत बिल शून्य येत असेल तर घाई नको. सरासरी २०० च्या वर जात असेल तर मात्र दर महिना वाया जातोय. अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावर होतो आणि वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक लागतो. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासण्याची अटही २०२४ च्या नियमांनी काढून टाकली आहे. नोंदणीकृत ठेकेदारच निवडावा. अनुदानासाठी पॅनेलातल्या चकत्यासुद्धा भारतात बनलेल्या असाव्या लागतात, हे त्याच्याकडून लेखी घ्यावं. पाच वर्षांच्या देखभालीचा करार मागावा. अनुदान यंत्रणा चालू झाल्यावर येतं, तेव्हा सुरुवातीचे पैसे किंवा कर्ज आपल्यालाच उभं करावं लागतं.

योजनेची मंजूर मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे. अमेरिकेतली सूट कायद्याच्या एका कलमानं संपली, तशी कुठलीही सवलत कधीतरी संपतेच. आणि संपावीही, कारण ती गरज उरू नये यासाठीच दिलेली असते. जपानच्या आणि जर्मनीच्या छपरांनी आपलं काम केलं आणि दर आपल्यापर्यंत उतरला. आता आपली पाळी आहे. निपाणीच्या एका गच्चीवर आज बसणारी सहा पॅनेलं पुढच्या खरेदीदाराचा दर आणखी थोडा उतरवतील आणि तो खरेदीदार कदाचित अजून पत्र्याखाली राहत असेल.